दोन तासांची उसनवारी

सीपीआर आपण सगळेच शिकलो आहोत. मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची. पण स्प्लिंटर लागून अंगातले बहुतेक रक्त वाहून गेले आणि त्यामुळे हृदय थांबले, तर या दाबण्याचा फारसा उपयोग होत नाही. विहीरच कोरडी पडली तर हापसा मारून पाणी कुठून येणार? मेंदू तर पाचेक मिनिटांतच बिघडू लागतो.

या पेचाला सोव्हिएत डॉक्टर व्लादिमीर नेगोव्स्की महायुद्धातच भिडले होते. १९३६ मध्ये त्यांनी मॉस्कोत प्रयोगशाळा उभी केली आणि पुढे आपले तंत्र थेट आघाडीवर नेले. शिरेतून सावकाश रक्त चढवण्याऐवजी ते धमनीतून, दाबाने, हृदयाच्या दिशेने ढकलत. त्यामुळे हृदयाला पोसणाऱ्या रक्तवाहिन्यांत रक्त आधी पोहोचे. जोडीला अॅड्रेनलिन आणि श्वासनलिकेत भात्याने हवा. १९४४ मध्ये चेरेपानोव्ह नावाचा सैनिक मांडीच्या जखमेतून रक्त जाऊन मृत ठरला होता. तो या पद्धतीने परत आला. कागदावर मेलेला माणूस जिवंत निघाला, म्हणजे तिथल्या कारकुनाचीही पंचाईत झाली असणार!

पण बहुतेक जखमी अशा डॉक्टरपर्यंत पोहोचतच नाहीत. अमेरिकन लष्करातले सर्जन कर्नल रोनाल्ड बेलामी यांनी व्हिएतनाममधल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. मैदानातच गेलेल्यांपैकी कित्येक जण रक्तस्रावाने गेले होते. त्यातल्या अनेक जखमा ऑपरेशन टेबलावर शिवता येण्याजोग्या होत्या, कमी पडला तो फक्त वेळ. १९८०च्या दशकात बेलामींची गाठ पीटर साफार यांच्याशी पडली. तोंडाने श्वास देण्याची पद्धत रुजवणारे हे व्हिएन्नाचे डॉक्टर पिट्सबर्गला स्थायिक झाले होते. १९६६ मध्ये त्यांची अकरा वर्षांची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. हृदय पुन्हा चालू झाले होते, मेंदू परतला नव्हता. त्यानंतर मेंदू वाचवणे हाच त्यांचा ध्यास झाला.

दोघांनी प्रश्नच उलटा केला. हृदय लगेच सुरू करायचेच कशाला? आधी शरीर गोठणबिंदूजवळच्या थंड सलाइनने गार करा, पेशींची प्राणवायूची गरज उतरवा, जखम शिवा आणि मग रक्त देऊन ऊब द्या. हृदयशस्त्रक्रियेत थंडावा पूर्वीपासून वापरतात, पण तिथे रुग्णाला आधी गार करून मग हृदय थांबवतात. इथे हृदय आधीच थांबलेले असते. कुत्र्यांच्या महाधमनीत बर्फगार द्रव सोडून मेंदू सुमारे १० अंशांवर आणला, तेव्हा तासाहून अधिक काळ रक्ताभिसरण बंद राहूनही काही कुत्री शाबूत मेंदूने जागी झाली.

साफार २००३ मध्ये वारले. त्यांचे सहकारी सॅम्युअल टिशरमन यांनी हे काम बाल्टिमोरच्या ट्रॉमा सेंटरमध्ये माणसांपर्यंत नेले. चाकू किंवा गोळीने जखमी झालेला, हृदय थांबलेला आणि नेहमीच्या उपायांना दाद न देणारा रुग्णच यासाठी घ्यायचा. सर्जनला मिळतात साधारण दोन तास. संमती कोण देणार? नाडी नसलेला माणूस सही करत नाही. म्हणून शहरात आधी जाहीर माहिती दिली आणि नको असेल त्यांना नकार नोंदवायची सोय ठेवली. मला हा भाग विज्ञानाइतकाच अवघड वाटतो.

आपल्या कामाच्या दृष्टीने बोलायचे तर, ही पद्धत पोस्टवर येणार नाही. तिला हार्ट-लंग मशीन, भरपूर रक्त आणि तयार टीम लागते. नाल्यातून स्ट्रेचर खांद्यावर आणताना यातले काय असणार? तिथे टूर्निकेटच, आणि तोही पहिल्या दोन मिनिटांत. आरएमओचा क्लास चुकवणाऱ्यांना मी हे नेगोव्स्कींच्या गोष्टीसकट ऐकवतो. गोष्टीमुळे निदान जांभया तरी थांबतात.

नोव्हेंबर २०१९ मध्ये टिशरमन यांनी जाहीर केले की निदान एका माणसावर हा प्रयोग झाला आहे. तो वाचला की नाही, हे त्यांनी तेव्हा सांगितले नाही.