पाल चुकचुकली

अमेरिकेच्या आणि आपल्या विजेचं पटत नाही, याचा त्रास भंडाऱ्यात बसलेल्या माझ्या आईला व्हावा, हे २००५ सालापर्यंत माझ्या स्वप्नातही नव्हतं.

धाकटा भाऊ अमेरिकेत. त्याच्या मुलाच्या बारशाची डीव्हीडी आली. शेजारपाजार जमला. डीव्हीडी आत गेली आणि पडद्यावर बाळ पाळण्यासकट खालून वर, खालून वर धावू लागलं. तेही काळंपांढरं! आईचा जीव मात्र भलतीकडेच अडकला होता. आंधळगावच्या विणकराकडून तिनं सुनेसाठी डाळिंबी कोसा मुद्दाम विणवून पाठवला होता.

"तोच नेसली का, तेवढं पाह्य ना बापा!"

काळ्यापांढऱ्यात डाळिंबी काय नि मोरपंखी काय!

मग आमचे उपाय सुरू झाले. मी डीव्हीडी बनियनने गोल गोल पुसली. (मधून कडेकडे पुसायची असते, हे मागाहून कळलं.) टीव्हीच्या पाठीत दोन धपाटेही घातले. शेवटी मेकॅनिक आला. म्हणाला, "भाऊ, डीव्हीडी एनटीएससी हाये, अन् तुमचा टीव्ही नुसता पाल."

हे भांडण फार जुनं. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० हेलकावे घेते, आपली ५०. सुरुवातीचे टीव्ही विजेच्याच तालावर बेतलेले. म्हणून तिकडे सेकंदाला ३० चित्रं, इकडे २५. तिकडे चित्राच्या ओळी ५२५, इकडे ६२५. १९५३ साली अमेरिकेने रंगीत एनटीएससी मंजूर केली. पण तिचे रंग वाटेतच बिघडत. गोरा माणूस हिरवा दिसे. तिथल्या इंजिनिअरांनीच त्या चार अक्षरांचा अर्थ लावला, 'तोच रंग पुन्हा कधीच नाही!' त्यावर टेलिफुंकेन कंपनीतल्या वाल्टर ब्रुख या जर्मन गृहस्थांनी १९६०नंतर तोडगा काढला. एकाआड एक ओळीत रंगाच्या संदेशाचा एक भाग उलटा पाठवायचा, म्हणजे एका ओळीची चूक दुसरी खोडते. ही पाल. फ्रेंचांनी सेकॅम नावाची तिसरी चूल मांडली. १९८२ साली भारतात रंगीत टीव्ही आला, तो पालीचं बोट धरून. आमच्या भिंतीवर पाल होतीच. आता टीव्हीतही आली.

मेकॅनिकने प्लेअरच्या रिमोटवर 'सेटअप' दाबलं, 'ऑटो' काढून 'पाल' केलं. बाळ जागच्या जागी थांबलं. रंग उमटले. सूनबाई डाळिंबी कोशात!

"फॉल नाही लावला वाटते," आई म्हणाली आणि चष्मा पुसू लागली. गोल गोल. चष्मा तसा स्वच्छच होता.