सोन्याचे भाग आणि ‘मोठा हात’

खजरान्याच्या गणपतीच्या देवळामागील भिंतीवर उलटे स्वस्तिक काढून नवस बोलावयाचा आणि तो फळला की सुलटे काढावयाचे, ही चाल इंदूरकरांना सांगावयास नको. देऊळ अहल्यादेवींनी बांधविले असे आपण मानतो. त्याचे साल मात्र सर्रास 1735 छापले जाते आणि त्या वर्षी अहल्यादेवी अवघ्या दहा वर्षांच्या होत्या, हे छापणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. असो. त्या भिंतीवरील नवसांत भावाच्या चढउताराचे नवसही पुष्कळ असावेत. तेथेच अलीकडे दोन परिचित गृहस्थांची तक्रार आमच्या कानी आली. परदेशातील लहानशा सोने-खाण कंपन्यांचे भाग त्यांनी घेतले होते. 2025 साली सोन्याने औंसाला चार हजार डॉलरांचा टप्पा ओलांडला, तरी त्यांचे भाग जागचे हलले नाहीत. “वर बसलेला कुणी मोठा हात भाव दाबून धरतो,” असा दोघांचाही निष्कर्ष होता.

इंदूरच्या माणसाला असा संशय यावा यात नवल नाही. सर सेठ हुकुमचंद (1874–1959) यांनी अफूच्या आणि कापसाच्या व्यवहारांत केलेल्या उलाढालींच्या कथा आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत घरोघर सांगितल्या जात. 1907 च्या करारान्वये चीनला जाणारी अफू दहा वर्षांत बंद व्हावयाची ठरली, तेव्हा माळव्यातील शिल्लक मालाचे मोल भडकले आणि ज्याच्या कोठारात माल त्याच्या हाती भाव, असे दृश्य या शहराने प्रत्यक्ष पाहिले. सराफ्यातील साध्या गुमास्त्यालाही ‘सेठ कोणत्या बाजूला आहेत’ हाच प्रश्न पडे. भाव म्हणजे कुणाची तरी इच्छा, ही समजूत आमच्याकडे तेव्हापासून घट्ट बसली आहे.

जगातही तिला आधार सापडतो. अमेरिकेतील हंट बंधूंनी चांदी साठविली आणि जानेवारी 1980 मध्ये तिचा भाव औंसाला पन्नास डॉलरांच्या आसपास गेला. मार्चअखेर तो कोसळला. लंडनमध्ये रोज ठरणाऱ्या सोन्याच्या भावाशी एका दलालाने केलेल्या खेळाबद्दल 2014 साली बार्कलेज बँकेला सुमारे 2 कोटी 60 लाख पौंड दंड झाला. जे. पी. मॉर्गनने 2020 साली मौल्यवान धातू आणि सरकारी रोखे यांच्या बाजारात खोट्या मागण्या नोंदविल्याबद्दल 92 कोटी डॉलर भरले. तेव्हा संशय निराधार नाही. पण हे खेळ धातूच्या भावाशी होते, आणि लहान खाणीचा भागधारक बुडतो तो बहुधा निराळ्या ठिकाणी. ते ठिकाण दाखविण्यासाठी थोडे दक्षिणेकडे जावे लागेल.

1879–80 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील अनुभवी भूवैज्ञानिक ब्रॉ स्मिथ यांना हिंदुस्थान सरकारने वायनाडच्या डोंगरांतील सोने तपासण्यास बोलाविले. त्यांचा अहवाल उत्साहवर्धक होता. तो बाहेर पडताच लंडनमध्ये वायनाडच्या नावाने कंपन्यांची रांग लागली. कॉफीच्या मळ्यांवर तेव्हा रोग पडला होता. ज्या जमिनीला गिऱ्हाईक नव्हते तीच आता ‘सोन्याच्या शिरेची’ जमीन म्हणून अवाच्या सवा किमतीला कंपन्यांच्या गळ्यात घातली गेली. लोकांनी भागांसाठी भरलेल्या पैशांचा मोठा हिस्सा जमीन विकणाऱ्यांच्या आणि कंपनी उभारणाऱ्यांच्या खिशात गेला. दगड फोडण्यास उरले ते थोडे. देवाळा आणि पंदलूर येथे यंत्रे आली, साहेबांसाठी बंगले झाले, घोड्यांच्या शर्यतीसुद्धा झाल्या. दगड कुटण्याच्या गिरण्यांतून जे सोने निघाले त्यात खर्चही भागेना, आणि दशक सरण्यापूर्वीच बहुतेक कंपन्या गुंडाळल्या गेल्या. या साऱ्या प्रकरणात सोन्याचा भाव कुणी दाबला नव्हता. त्या काळी तो इंग्लंडच्या चलनाशी बांधलेलाच होता. भाग कोसळले ते भावामुळे नव्हे; विक्रेत्याचा नफा खाण सुरू होण्याआधीच पदरात पडला होता म्हणून.

कोलारची हकीकतही प्रारंभी याच वळणाची होती. मायकेल लाव्हेल या निवृत्त सैनिकाने म्हैसूर दरबाराकडून परवाना मिळविला. पुढे तो इतरांच्या हाती गेला आणि 1880 साली जॉन टेलर आणि कंपनी या खाणीत उतरली. तीन-चार वर्षांत म्हैसूर कंपनीचे भांडवल संपत आले आणि एका पौंडाचा भाग काही पेन्सांना मिळू लागला. उरलेली शिल्लक वाटून घ्यावी असे म्हणणारे भागधारक होते. टेलरांनी त्यांना आणखी थोडा काळ थांबण्यास राजी केले. कॅप्टन प्लमर यांनी जुन्या लोकांनी खणून सोडलेल्या खड्ड्यांच्या अनुरोधाने खोल जाऊन चँपियन शीर गाठली. त्यानंतर कोलारमधून शतकाहून अधिक काळात आठशे टनांहून अधिक सोने निघाले आणि 2001 साली खाणी बंद झाल्या. पेन्सांना भाग विकून मोकळे झालेल्यांची गणती कुणी ठेवलेली नाही.

मराठी मुलखाच्या उंबरठ्यावरही असा डाव झाला. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि गदगजवळच्या कप्पतगुड्ड डोंगरांत सोन्याच्या जुन्या खुणा होत्या. शेजारचा शिरहट्टी तालुका सांगलीच्या पटवर्धनांचा. म्हणून तेथील एका खाणीस सांगलीचेच नाव पडले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोलारच्या यशाने डोळे दिपलेल्या भांडवलावर या खाणी चालल्या आणि लवकरच बंदही पडल्या. कोलारसारखी शीर पायाखाली असेलच, असे गृहीत धरणे महागात पडले.

कॅनडातील ब्री-एक्स कंपनीचे प्रकरण याच मालिकेतील सर्वांत उघडे. इंडोनेशियातील बुसांग येथील दगडाच्या नमुन्यांत बाहेरचे सोने मिसळण्यात आले होते, हे 1997 साली सिद्ध झाले, आणि अब्जावधी डॉलरांचे भाग कागद झाले. घरच्या अंगणातले उदाहरणही विसरू नये. 2010 नंतरच्या दशकात इंदुरातून दूरध्वनीवर ‘टिपा’ विकणाऱ्या अनेक सल्लागार संस्थांवर सेबीने कारवाई केली. ज्या भागांची रोजची उलाढाल थोडी, त्यांत दहा-वीस माणसांनी आपापसांत खरेदीविक्री केली तरी भाव चढलेला दिसतो. तेथे सेठाची गरज नाही.

भवितव्याचे म्हणाल तर आमचा होरा असा: सोने महाग झाले म्हणजे हलक्या प्रतीचा दगडही फोडणे परवडते, आणि अशा काळात एखादी लहान कंपनी खरोखर वर येते. पण दगड, पैसा आणि परवाना ही तीनही एकाच वेळी हवीत. हावेरी जिल्ह्यातील गणाजूरचा साठा वर्षानुवर्षे तपासला गेला. खाण कायद्यातील 2015 आणि 2021 च्या दुरुस्त्यांच्या फेऱ्यात खाणपट्ट्याचे घोंगडे भिजत पडले. तेथे कोणताही मोठा हात शोधून सापडणार नाही.

त्या दोन गृहस्थांना आम्ही इतकेच विचारले, की तुमच्या कंपनीच्या दगडाची तपासणी कुणी केली, आणि आरंभीचे भाग कुणाला काय भावाने मिळाले? अहवाल दोघांनीही वाचला नव्हता. एकाने तो मागवून घेण्याचे कबूल केले. दुसरे देवळाच्या मागील बाजूस गेले.