पाचशे लिरा नाकारणारा कवी आणि त्याचं ग्रंथालय

तुर्की भाषेत ग्रंथालयाला 'कुतुफाने' म्हणतात. म्हणजे कुतुबखाना. दवाखाना, कारखाना म्हणताना आपण जो 'खाना' वापरतो, तोच हा. तुर्कस्तानच्या राजधानीत, अंकारा शहराच्या हमामोनू या जुन्या वस्तीत, असाच एक कुतुबखाना आहे: मेहमेत आकिफ एर्सोय साहित्य संग्रहालय-ग्रंथालय. २०११ मध्ये ते सुरू झालं. ज्याच्या नावाने ते उभं आहे, त्या माणसाची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

आकिफ यांचा जन्म १८७३ चा, इस्तंबूलचा. वडील मदरशात शिकवायचे. आकिफ कोवळ्या वयात असतानाच वडील गेले, पाठोपाठ राहतं घर आगीत जळालं. लवकर नोकरी लागेल असं शिक्षण घेणं भाग होतं. म्हणून हे कवी झाले गुरांचे डॉक्टर! १८९३ ला पदवी घेतली, तीही पहिल्या क्रमांकाने. पुढे नोकरीनिमित्त खेडोपाडी फिरले. गरिबी, अज्ञान, माणसाची लाचारी जवळून पाहिली. 'सफहात' या त्यांच्या सात भागांच्या काव्यसंग्रहात ती माणसं जागोजागी भेटतात.

पहिल्या महायुद्धानंतर तुर्कस्तानचे लचके तोडले जात होते. १९२० मध्ये आकिफ अंकाराला आले, नव्या संसदेत बुर्दुरचे खासदार झाले. लढाई चालू असतानाच सरकारने राष्ट्रगीतासाठी स्पर्धा जाहीर केली. बक्षीस ५०० लिरा. तब्बल ७२४ कविता आल्या, पण मनासारखी एकही नाही. आकिफ यांनी मात्र कविता पाठवलीच नव्हती. कारण बक्षीस! देशासाठीच्या गीताचे पैसे घ्यायचे नाहीत, एवढं साधं कारण. शेवटी शिक्षणमंत्री हमदुल्लाह सुफी यांनी स्वतः पत्र लिहून गळ घातली, तेव्हा ते तयार झाले. ते राहत होते ताजेद्दिन नावाच्या सूफी मठात. गीत लिहिलं गेलं ते तिथेच. १२ मार्च १९२१ ला संसदेने ते स्वीकारलं.

आणि ते ५०० लिरा? ते गरीब बायका-मुलांना काम शिकवणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. अंकाराच्या त्या थंडीत त्यांच्याकडे स्वतःचा धड ओव्हरकोटही नव्हता, असं तिथे आजही सांगतात. हे गीत राष्ट्राचं आहे, माझं नाही, म्हणून 'सफहात'मध्येही त्यांनी ते घेतलं नाही.

आता पुढचं बघा. प्रजासत्ताक आलं. आकिफ धार्मिक वृत्तीचे, नव्या सरकारची दिशा त्यांना पटेना. आपल्यामागे पोलिसांची पाळत असते, ही बोचही होती. १९२५ पासून ते इजिप्तमध्येच राहिले, कैरोच्या विद्यापीठात तुर्की शिकवत. १९३६ मध्ये आजारी होऊन परतले आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला गेले. सरकारी इतमाम नाही, काही नाही. खबर लागताच विद्यापीठाची पोरं धावली. त्यांनीच शवपेटीवर झेंडा घातला आणि खांद्यावर घेऊन निघाली. ज्याचं गीत देश रोज गात होता, त्याच्या शेवटच्या प्रवासात देशाचं सरकार गैरहजर होतं!

पुढे सगळं उलटलं. १९८० च्या दशकात १०० लिराच्या नोटेवर त्यांचं चित्र आलं. ५०० लिरा नाकारणारा माणूस १०० च्या नोटेवर! २००७ मध्ये कायदा करून १२ मार्च हा त्यांचा स्मृतिदिन ठरला. आणि मग हे संग्रहालय-ग्रंथालय.

यातला 'ग्रंथालय' हा शब्द मला जास्त मोलाचा वाटतो. मेलेल्या कवीला हार घालणं सरकारला सोपं असतं, कारण तो आता उलट बोलत नाही. तुर्कस्तानात आजही वेगवेगळे पक्ष आकिफना 'आमचे' म्हणून ओढतात. नुसता पुतळा असेल तर तो कोणीही ओढून नेऊ शकतो. पण पुस्तकं समोर असली की शाळकरी पोरगंही ती उघडतं आणि हा माणूस खरंच काय म्हणाला ते स्वतः बघतं. ताजेद्दिन मठातलं त्यांचं घरही जपलेलं आहे, तेही त्याच भागात. एका ठिकाणी तो कसा राहिला ते दिसतं, दुसऱ्या ठिकाणी काय लिहिलं ते वाचता येतं.

म्हणून कुठल्याही कवीच्या स्मारकाचं भूमिपूजन झालं की पुतळा किती फुटांचा, हे नंतर विचारा. आधी विचारा, तिथे बसून वाचायला टेबल आहे का?