खुब्याचा कृत्रिम सांधा झिजलाय? पुन्हा ऑपरेशन कधी करायचं, कधी थांबायचं

खुब्याचा सांधा बदलून दहा-पंधरा वर्षं झालेली माणसं आता बऱ्याच गावांत भेटतात. चालतात, शेतात जातात, एस.टी.ने फिरतात. दुखत नाही, म्हणून परत डॉक्टरकडे जात नाहीत. इथेच चूक होते. सांधा झिजू लागतो तेव्हा बहुतेकदा दुखत नाही. दुखायला लागेपर्यंत आजूबाजूचं हाड बरंच पोखरलेलं असू शकतं.

सांधा किती वर्षं टिकतो?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, शंभरातले सुमारे ५८ सांधे २५ वर्षं टिकतात. म्हणजे साठीनंतर बसवलेला सांधा बहुधा आयुष्यभर पुरतो. पण खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडल्याने ज्यांचं ऑपरेशन तिशी-चाळिशीत झालं, त्यांना दुसऱ्या ऑपरेशनची वेळ येण्याची शक्यता जास्त.

आत नेमकं काय होतं?

सांध्यात एक गोळा असतो आणि एक वाटी. वाटीच्या आत बहुतेकदा प्लास्टिकचं अस्तर असतं. गाडीचा बुश घासतो, तसं हे अस्तर घासतं. जुन्या प्रकारचं प्लास्टिक वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजायचं. २००० च्या सुमारास आलेलं नवं प्लास्टिक बरंच कमी झिजतं. झिजलेले बारीक कण शरीराला चालत नाहीत. त्यांच्याशी लढताना शरीर आपलंच हाड खातं आणि सांधा सैल पडतो.

ही लक्षणं दिसली तर लवकर दाखवा

- उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना जांघेत किंवा मांडीत कळ येणं
- पाय आखूड झाल्यासारखा वाटणं, लंगडणं वाढणं
- सांधा निसटल्यासारखा वाटणं

इथे एक दिवसही थांबू नका

ताप येऊन खुबा दुखणं, जखमेची जागा लाल होणं किंवा तिथून पू-पाणी येणं, सांधा निखळणं, पडल्यावर पाय टेकवता न येणं. अशा वेळी स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका. सांध्यातलं पाणी तपासून जंतू शोधायचा असतो. आधीच गोळ्या घेतल्या तर तो तपासणीत सापडत नाही.

दुखत नाही, पण एक्स-रेमध्ये झीज दिसते. मग?

झीज थोडी, हाड शाबूत आणि सांधा घट्ट असेल तर लगेच ऑपरेशनची गरज नसते. डॉक्टर सांगतील तेव्हा, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, एक्स-रे काढून जुन्याशी ताडून बघायचा. पण हाडातली पोकळी दर वेळी वाढत असेल, तर दुखत नसलं तरी ऑपरेशनचा विचार करावा लागतो. वाटी घट्ट असताना गेलं, तर कधी कधी फक्त अस्तर आणि गोळा बदलून काम भागतं. उशीर झाला तर पूर्ण सांधा काढा, हाड भरा, असं मोठं काम होतं.

उलट, नुसतं दुखतंय म्हणून घाईही करू नका. खुब्याचं वाटणारं दुखणं कधी कधी कमरेच्या मणक्यातून आलेलं असतं. दुखण्याचं कारण सापडल्याशिवाय सांधा उघडणं बरोबर नाही.

‘सुगी झाल्यावर बघू’

असं म्हणून अनेक जण मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून दिवस काढतात. गोळीने दुखणं दबतं, झीज थांबत नाही. रोज घेतल्या तर किडनीला आणि पोटाला त्रास होतो तो वेगळाच. सुगीसाठी थांबता येईल का, हे एक्स-रे बघून डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड

वेळ जास्त लागतो, रक्त जास्त जातं, सांधा निखळण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोकाही जास्त. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर बरेचदा दोन टप्प्यांत, मध्ये काही आठवडे ते महिने ठेवून ऑपरेशन करतात. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा:

- नेमका कोणता भाग खराब झालाय? सगळंच बदलायचं का?
- सहा महिने थांबलो तर काय बिघडेल?
- अशी दुसऱ्यांदाची ऑपरेशनं इथे नेहमी होतात का?

शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. साखर आटोक्यात आणा, तंबाखू-विडी बंद करा. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

कागद फेकू नका

पहिल्या ऑपरेशनच्या कागदांवर सांध्याच्या कंपनीचं आणि मापाचं स्टिकर असतं. दुसऱ्या डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. २०१० मध्ये ‘एएसआर’ नावाचे, धातूवर धातू घासणारे सांधे जगभरातून परत मागवले गेले. आपला सांधा त्यातला आहे की नाही, हे ज्यांच्याकडे कागद होते त्यांना लगेच कळलं. स्टिकरचा फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवा, एक घरच्यांनाही पाठवा. आणि शेवटचा एक्स-रे कधी काढला हे आठवत नसेल, तर आता काढायची वेळ झालीय.

(ही सर्वसाधारण माहिती आहे. निर्णय अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवूनच घ्या.)