पपनसाचं आजोळ

गेल्या वर्षी माझी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ग्रेपफ्रूट खाऊ नका." मी मनात हसले. आमच्या घरात ग्रेपफ्रूट कोण आणतंय! भाद्रपदाचे दिवस होते, टोपलीत भलंमोठं पपनस होतं. या दोघांचं नातं मला नंतर वाचनात कळलं.

पपनस मूळचं आग्नेय आशियातलं. बंगालीत त्याला 'बाताबी लेबू' म्हणतात, म्हणजे बटाव्हियाचं लिंबू. बटाव्हिया हे जाकार्ताचं डचांच्या काळातलं नाव. सतराव्या शतकात हे फळ वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटापर्यंत पोचलं. शॅडॉक नावाच्या कप्तानाने बी नेलं असं सांगतात, म्हणून इंग्रजीत फळालाच शॅडॉक म्हणू लागले. आम्ही कॉमर्सवाले खातं कुणाच्या नावावर आहे ते आधी बघतो. इथे बी नेणाऱ्याचं नाव लागलं!

तिथे युरोपियनांनी नेलेलं गोड संत्रंही होतं (आपली मोसंबी त्याच जातीची). या दोन झाडांचा आपसूक संकर झाला आणि ग्रेपफ्रूट जन्मलं. ग्रिफिथ ह्यूज या पाद्र्याने १७५० च्या पुस्तकात 'निषिद्ध फळ' म्हणून ज्याचं वर्णन केलं, ते हेच असं मानतात.

पानांतलं हरितलवक लिंबूवर्गात आईकडूनच येतं. ते तपासल्यावर कळलं की ग्रेपफ्रूटची आई पपनस. गंमत म्हणजे गोड संत्र्याचं हरितलवकही पपनसाचंच, म्हणजे बापाचं आजोळही त्याच घरी. पपनस, महाळुंग आणि मँडरिन जातीचं मूळ संत्रं, या तिघांपासून लिंबूवर्गातली कितीतरी फळं झाली.

आईकडून लेकीकडे आणखी एक गोष्ट गेली, फ्युरानोकौमारिन नावाची द्रव्यं. औषध पचवणारं आतड्यातलं एक विकर ती बंद पाडतात, मग गोळी रक्तात जास्त उतरते. सिम्वास्टॅटिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रक्तदाबाची फेलोडिपिन यांना हे लागू आहे, सगळ्याच गोळ्यांना नाही. परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो, त्यामुळे फळ सकाळी आणि गोळी रात्री ही युक्ती चालत नाही. आपल्याकडे ग्रेपफ्रूटचं नाव सांगतात, पपनसाचं कुणी सांगत नाही. तेव्हा तुमच्या गोळीचं नाव दाखवून डॉक्टरांना पपनसाबद्दलच विचारा.

माझ्या पाकिटावर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन लिहिलेलं निघालं. टोपलीतलं पपनस शेजारच्या मुलांनी मीठ-तिखट लावून संपवलं.