पायजम्यांचा कारखाना आणि आमचं शुक्रवारचं ट्रेनिंग

गेल्या शुक्रवारी ऑफिसमधे 'बदल, नेतृत्व आणि सर्वसमावेशकता' अशा भरगच्च नावाचं ट्रेनिंग झालं. बाहेरून सल्लागार आले होते. बोलले छान, सामोसेही बरे होते. सातव्या-आठव्या स्लाइडवर तीन चौकोन आले: अनफ्रीझ, चेंज, रीफ्रीझ. म्हणजे बर्फ वितळवा, नवा आकार द्या, पुन्हा गोठवा. खाली बारीक अक्षरात एक नाव होतं, कुर्ट लेविन. स्लाइड बदलली, नाव गेलं.

त्याच्या आदल्याच दिवशी आमच्या इंटरव्ह्यू पॅनेलने एक रेझ्युमे बाजूला ठेवला होता. वय बेचाळीस, मुलांसाठी घेतलेली सहा वर्षांची गॅप, त्याआधीचं काम उत्तम. "आता पिकअप करायला वेळ लागेल," एक जण म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यात माझीही मान होती.

वीकांताला सहज या लेविनबद्दल वाचायला बसलो, आणि तीच मान खाली घालायची वेळ आली.

लेविन जन्मला १८९० साली, तेव्हाच्या प्रशियात, ज्यू कुटुंबात. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढला, जखमी झाला, मग बर्लिनमधे मानसशास्त्र शिकवू लागला. १९३३ मधे हिटलर आल्यावर देश सोडून अमेरिकेला गेला. आई मागे राहिली आणि पुढे नाझींच्या छळछावणीत मारली गेली. माणसांचा गट एखाद्याला आत का घेतो आणि बाहेर का ढकलतो, हा या माणसासाठी नुसता थिअरीचा प्रश्न नव्हता.

अमेरिकेत त्याचं बरंच काम झालं ते व्हर्जिनियातल्या मॅरियन गावी, हारवुड नावाच्या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात. तिथला आल्फ्रेड मॅरो हा स्वतः मानसशास्त्रज्ञ. महायुद्धामुळे कामगार मिळेनात, म्हणून तिशीपुढच्या बायकांना घ्यावं असं सुचवण्यात आलं. कारखान्यातले अधिकारी अडून बसले. म्हणे त्या हळू शिकतात, सारख्या रजा घेतात, टिकत नाहीत. (ओळखीचं वाटतंय ना?) दुसरीकडचे आकडे दाखवून झाले, पण कोणी ऐकेना. "तिकडचं तिकडे, आमच्याकडे तसं नाही."

मग एक वेगळी युक्ती केली गेली. समजावणं बंद. उलट त्या अधिकाऱ्यांनाच सांगितलं, की ठीक आहे, या बायकांमुळे कारखान्याचं नक्की किती नुकसान होतं ते तुम्हीच मोजा. काय मोजायचं, कसं मोजायचं, तेही तुम्हीच ठरवा. थोड्या मोठ्या वयाच्या काही बायका आधीपासून कामाला होत्याच. आकडे आले ते नेमके उलटे! या बायका वेगात कमी नव्हत्या, रजा कमी घेत होत्या आणि जास्त टिकत होत्या. आकडे स्वतःच काढलेले, त्यामुळे नाकारणार कसे? मत बदललं. पण गंमत अशी, की जे मोजणीत सहभागी नव्हते त्या सुपरवायझरांचं मत तसंच राहिलं. त्यांच्याबरोबर पुन्हा वेगळ्या चर्चा कराव्या लागल्या. मॅरो आणि जॉन फ्रेंच यांनी हे सगळं १९४५ मधे लिहून ठेवलंय.

युद्धकाळातलाच लेविनचा दुसरा प्रयोग. मांस कमी पडत होतं, म्हणून गृहिणींनी प्राण्यांचं हृदय, गुर्दे असे नेहमी न खाल्ले जाणारे भाग शिजवावेत अशी सरकारची इच्छा. काही गटांना उत्तम व्याख्यान दिलं. काही गटांना आपसात चर्चा करून ठरवायला सांगितलं. व्याख्यानवाल्यांपैकी ३ टक्के बायकांनी ते पदार्थ केले, चर्चावाल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. आमच्या शुक्रवारच्या ६२ स्लाइड्स यातल्या कुठल्या गटात बसतात हे सांगायला नको.

आता मूळ गोष्ट. १९४६ मधे कनेक्टिकट राज्याच्या आंतरवांशिक आयोगाला वर्णद्वेष आणि धर्मद्वेषाविरुद्ध काम करणारे लोक तयार करायचे होते. त्यांनी लेविनला बोलावलं. न्यू ब्रिटन गावच्या कॉलेजात उन्हाळी कार्यशाळा भरली. शिक्षक, समाजसेवक अशी मंडळी आली. दिवसा गटचर्चा, संध्याकाळी लेविन आणि सहकारी बसून कोणत्या गटात काय झालं याच्या नोंदी तपासत. एका संध्याकाळी काही शिबिरार्थींनी विचारलं, आम्ही बसू का? लेविन म्हणाला, बसा. एका निरीक्षकाने त्यातल्याच एका बाईंबद्दल काही नोंद वाचली, आणि बाई म्हणाल्या, असं झालंच नव्हतं. जोरदार वाद झाला. लेविन खूष! पुढच्या संध्याकाळी कितीतरी जास्त लोक हजर. आपल्याबद्दल आपल्या पाठीमागे काय बोललं जातं ते समोर बसून ऐकणं आणि त्याला उत्तर देणं, यातून माणूस जितकं शिकतो तितकं भाषणातून शिकत नाही, हे सगळ्यांना दिसलं.

फेब्रुवारी १९४७ मधे लेविन वारला, अवघ्या ५६व्या वर्षी. त्याच उन्हाळ्यात त्याच्या सहकाऱ्यांनी मेन राज्यातल्या बेथेल गावी नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीज सुरू केली. तिथून 'टी-ग्रुप' निघाले, आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते एस्सोच्या रिफायनऱ्यांमधल्या मॅनेजरांपर्यंत पोचले. आज आपण ज्याला लीडरशिप ट्रेनिंग आणि चेंज मॅनेजमेंट म्हणतो, त्याचं एक मोठं मूळ इथे आहे. म्हणजे ज्या खोलीत सुरुवात झाली, तिथला प्रश्न भेदभावाचा होता. पद्धत कंपन्यांत गेली, प्रश्न मात्र दाराबाहेर राहिला. १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, खटल्यांची भीती आली, तेव्हा कुठे तो परत आत आला, तोही वेगळं ट्रेनिंग, वेगळं बजेट असा. आणि ते तीन चौकोन? 'अनफ्रीझ' वगैरे शब्द लेविनच्या मृत्यूनंतर छापून आलेल्या १९४७ च्या लेखात आहेत, पण तीन पायऱ्यांचं नेटकं मॉडेल नंतरच्या लोकांनी बनवलं.

आपल्याकडे हे शास्त्र १९७४-७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोमधे उदय पारीक आणि टी. व्ही. राव या सल्लागारांनी आणलं, आणि त्यातून स्वतंत्र एचआरडी विभाग उभा राहिला. पण 'आत कोण, बाहेर कोण' हा प्रश्न इथे त्याच्या कितीतरी आधी विचारला गेला होता. आणि तोही गिरणगावात.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला, पण दलितांना तिथे मज्जाव होता. कारण धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि सवर्ण कामगारांना विटाळ चालत नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं, की विणकाम खातं आमच्या लोकांना खुलं करणं ही मागणी यादीत नसेल तर आम्हाला तुमच्याबरोबर धरू नका.

इथे लेविनची युक्ती कमी पडते, असं मला वाटतं. विणकाम खात्याचा गट एकजीवच होता, आणि दलितांना बाहेर ठेवण्यावर त्याचं एकमत होतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणजे न्याय्य ठरवलं असं होत नाही. ज्याला बाहेर ठेवलंय तो खोलीत हवा, आणि त्याच्या हातात काहीतरी जोर हवा. कनेक्टिकटमधल्या त्या बाई निदान खोलीत होत्या. आमच्या पॅनेलसमोर फक्त एक पीडीएफ होती.

फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव यांनी आठशेहून जास्त अमेरिकन कंपन्यांचे तीस वर्षांचे आकडे तपासून २०१६ मधे लिहिलं, की सक्तीच्या ट्रेनिंगने मॅनेजरांमधली विविधता फारशी वाढत नाही, काही गटांची तर घटते. मॅनेजरांना स्वतः कामाला लावलं, मेंटॉर केलं, तर फरक पडतो. म्हणजे पुन्हा पायजम्यांचाच कारखाना. २०२० मधे जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर कंपन्यांनी अशा कार्यक्रमांवर भरपूर खर्च केला, आणि जानेवारी २०२५ मधे ट्रंप यांनी सरकारी खात्यांतले कार्यक्रम बंद करायचे आदेश काढल्यावर कित्येकांनी चटकन काढता पाय घेतला. स्लाइड्स डिलीट करायला किती वेळ लागतो?

असो. सोमवारी पॅनेलची मीटिंग आहे. मी भाषण देणार नाहीये. गेल्या पाच वर्षांत गॅपनंतर आमच्या टीममधे आलेले लोक किती, ते किती टिकले, किती दिवसांत कामाला लागले, हे प्रत्येकाने आधी अंदाजाने कागदावर लिहायचं आणि मग सगळ्यांनी मिळून मोजायचं, एवढंच सुचवणार आहे. ज्या दोघीजणी तशा आल्या आहेत त्यांनाही मीटिंगला बोलवायचं. आणि तो रेझ्युमे फोल्डरमधून परत वर काढून ठेवलाय.

आकडे माझ्या विरुद्ध आले तरी चालतील. निदान मान डोलावण्याआधी मोजलेलं असेल.