पहिलं माप

फाल्गुनात सुरगाण्याच्या डोंगरउतारांवर राब भाजायला सुरुवात होते. तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण रचायचं, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि वारा बघून काडी लावायची. रात्री समोरच्या डोंगरावर विस्तवाच्या माळा दिसतात. सकाळी उरते ती राख. पावसाच्या तोंडावर त्याच राखेत नागलीचं बी पडतं, आणि महिन्याभरात तिथून रोपं उपटून आवणीला नेतात. राखेचा बुधवार आमच्याच डोंगरांत जन्मला असावा, असं मला लहानपणी वाटायचं.

आजा त्या दिवशी नाशिकला जायचा. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन रात्रीच्या गाडीनं परतायचा. ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची असते, हे त्यानंच सांगितलं. झावळ्यांच्या रविवारी हातात धरून मिरवलेल्या, जयजयकाराच्या झावळ्या. "मिरवलेलंच जाळायचं असतं," तो म्हणायचा.

बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत बोटांवर मोजलं तर सेहेचाळीस दिवस भरतात. त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून लेंतचे, म्हणजे या उपवासकाळाचे, दिवस चाळीस. येशूनं रानात काढले तेवढे. ईस्टर चंद्र बघून ठरतो, त्यामुळे हा बुधवार 4 फेब्रुवारी ते 10 मार्च यांच्यामध्ये कधीही येतो. होळीही पुनवेची. एखाद्या वर्षी पाड्यावर होळीचा फेर धरलेला असायचा आणि आमच्या ओट्यावर आजा उपाशी बसलेला असायचा. फेरातली माणसं त्याला हाक मारायची, तो हसून हात जोडायचा.

हा उपास कशाचा, हे मला आजीनं सांगितलं, तेही तो गेल्यावर.

सुरगाणा पूर्वी देशमुखांचं संस्थान होतं. 1948 साली ते मुंबई प्रांतात विलीन झालं. त्या सुमारास आजा विशीत होता आणि एका व्यापाऱ्याकडे मापारी होता. आषाढात घराघरातल्या कणग्या रिकाम्या व्हायच्या. माणसं खावटी मागायला यायची. धान्य दिडीनं मिळायचं, म्हणजे पावसात दोन पायल्या नेल्या तर सुगीत तीन फेडायच्या. एवढ्यानंही भागत नसे. देताना आजा पायली अशी धरायचा की अंगठा आत राहील आणि वरचं शीग हाताच्या फटक्यानं उडेल. घेताना अंगठा बाहेर आणि शीग टोकदार. दर पायलीला ओंजळभर फरक पडायचा. "मालकाचं मीठ खातो," असं तो स्वतःला समजवायचा.

मग एका रात्री त्याला चकवा लागला. वसुलीहून परतताना पायाखालची वाट हरवली. चालचाल चालला, आणि फिरून त्याच सादड्याच्या झाडापाशी आला. तीनदा. चकवा लागला की चालायचं नाही, बसून राहायचं, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तो बसला. कोंबडा आरवेपर्यंत बसला. "त्या झाडाखाली मला माझा अंगठा दिसला," असं तो आजीला म्हणाला होता.

देवाची वाट त्याला त्याच रात्री सापडली नाही. ती पुढं काही वर्षांनी, फिरत्या उपदेशकाकडून जक्कयाची गोष्ट ऐकताना सापडली. तो जकातदार झाडावर चढून येशूला बघतो आणि खाली उतरून म्हणतो, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देईन. आजाच्या ट्रंकेत दोनच पुस्तकं होती, एक पवित्र शास्त्र आणि दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या बाईचे पती, कवी नारायण वामन टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाले. ती मात्र पाच वर्षं अडून राहिली, रडली, भांडली, आणि 1900 साली स्वतःच्या पायांनी त्या वाटेवर आली. "बाई खरी," आजा म्हणायचा. "दुसऱ्याच्या मागं चालली नाही."

पश्चात्ताप या मराठी शब्दात ताप आहे, नंतरची जळजळ आहे. जुन्या करारातल्या हिब्रू शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे: माघारी फिरणं. वाट जिथं चुकली, तिथवर परत जाणं. नुसतं जळून राब होतो. पीक यायला त्यात बी पडावं लागतं.

आजा माघारी फिरला तो पायलीच घेऊन. मापाऱ्याचं काम सोडून तो मजुरीला लागला होता. दर लेंतला, उपासातून वाचलेली आणि मजुरीतून घेतलेली नागली पोत्यात भरून तो एकेका पाड्यावर जायचा. कुणी म्हणायचं, वेडा झाला. कुणी दारातच उभं करायचं. एका म्हातारीनं धान्य घेतलं आणि शिव्याही दिल्या. तो दोन्ही ऐकून घ्यायचा. चौपट काही त्याच्यानं फिटलं नाही. सगळी घरंही झाली नाहीत.

एका फेरीला आजी त्याच्याबरोबर होती. तिनं पाहिलं, ते असं. अंगणात त्यानं पोतं सोडलं, अंगठा बाहेर धरून पायली भरली, वर शीग चढवलं आणि सुपात ओतली. धान्य मोजताना आपल्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, वेगळाच शब्द म्हणतात. आयुष्यभराच्या सवयीनं आजाच्या तोंडून तोच शब्द निघाला.

"लाभ," तो म्हणाला, आणि दुसरी पायली भरायला वाकला.